तुळशीपासून पाच पावलं

हुबळीबाहेरच्या पाहुण्यांना पत्ता सांगताना 'दुर्गदबैल' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथे कुठला बैल आहे?" बैल नाही हो! कन्नडमध्ये 'बैलु' म्हणजे मोकळं मैदान आणि 'दुर्ग' म्हणजे किल्ला. किल्ल्यासमोरचं मैदान ते दुर्गदबैल. आता मैदान उरलेलं नाही. दिवसा बाजार आणि संध्याकाळी गिरमिट-मिरचीभजीच्या गाड्या, त्यातून वाट काढत आमच्या गल्लीत शिरावं लागतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वाड्याची वाटणी होऊन काही वर्षं झाली होती. १९७९ साली माझे सासरे अप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी वाडा वाटून घेतला. पुढचं घर आणि मधलं परस आमच्याकडे आलं, मागचं घर थोरल्या काकांकडे गेलं. त्यांचा दरवाजा मागच्या गल्लीत उघडतो. पुढे काहीबाही कारणांनी बोलणं कमी होत गेलं. काका गेले, आणि त्यानंतर तर दिवाळीचा फराळही भिंतीपलीकडे जाईनासा झाला.

गेल्या वर्षी अप्पांना जिना चढणं अवघड होऊ लागलं. परसात त्यांच्यासाठी एक खोली आणि न्हाणीघर बांधायचं ठरलं. मुलगा बंगळुरूहून आठवड्याची सुट्टी काढून आला. मेस्त्री आले, नारळ फुटला, पाया खणायला सुरुवात झाली. तासाभरातच कचकन आवाज आला. कुदळ एका जुन्या चिनी मातीच्या पाइपात गेली होती. आतून करडं पाणी वाहू लागलं, त्यात भाताची शितं होती. मेस्त्रींनी वर बघून विचारलं, "अक्का, इदु यारद्री?" हा कुणाचा?

भात आमच्याकडे अजून शिजायचा होता. म्हणजे कुणाचा ते उघड होतं.

मुलगा तडकला. "जागा आपली, उतारा आपल्या नावावर. त्यांचा पाइप आपल्या जमिनीत कसा? बंद करून टाकू." अर्ध्या तासात मागच्या घरात मोरी तुंबली आणि दीर भिंतीजवळ येऊन ओरडू लागले. बऱ्याच वर्षांनी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आमचं पाणी कुणी अडवलं?"

अप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "तुळशीपासून पाच पावलं. तिथे दगडी झाकण असेल, बघा." तिथे माझ्या झेंडूच्या कुंड्या होत्या. त्या बाजूला केल्या तर खाली खरोखरच लोखंडी कडीचं दगडी झाकण निघालं. ती जागा मी इतकी वर्षं झाडत होते, पण झाकण उचलून कधी बघितलं नव्हतं.

अप्पांनी सांगितलं ते असं: मागची गल्ली चढावर आहे, त्यामुळे मागच्या घराचं सांडपाणी तिकडे जाऊच शकत नाही. वाडा एक होता तेव्हापासून ते परसाखालून पुढच्या गल्लीतल्या गटाराला जातं. वाटणीच्या वेळी दोघा भावांनी "आहे तसं राहू दे" असं ठरवलं. वाटणीपत्रात मात्र त्याचा एक शब्द नाही. भावाभावांत कशाला लिहायचं?

त्या रात्री मेस्त्रींनी पाइपाला तात्पुरता जोड दिला, पण तो सुकेपर्यंत पाणी सोडायचं नव्हतं. रात्री नऊ वाजता जाऊबाई खरकट्या भांड्यांची पाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आत या." दोघींनी मिळून भांडी घासली. फारसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. मुलाला वाटत होतं की निकाल आपल्या बाजूने आहे. वकिलांनी १८८२चा सुविधाधिकार कायदा काढला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला, आणि तेव्हा आपला धारवाड जिल्हा त्याच इलाख्यात होता. सुविधाधिकार म्हणजे एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क: वाटेचा, पाण्याचा, उजेडाचा, सांडपाण्याचा. जमीन ज्याची त्याचीच राहते, पण त्या हक्काच्या आड त्याला येता येत नाही.

आमच्यासारख्या घरांसाठी या कायद्यात वेगळी तरतूदच आहे. एकत्र मिळकत वाटली गेली आणि एका हिश्श्याचा वापर दुसऱ्या हिश्श्यातून जाणाऱ्या सोयीशिवाय होऊ शकत नसेल, तर तो हक्क न लिहिताही मिळतो. सोय वाटणीच्या वेळी चालू असेल, ती दिसण्यासारखी असेल आणि हिस्सा पूर्वीसारखा वापरायला तिची गरज असेल, तरीही मिळतो. फक्त वाटणीत त्याउलट काही ठरलेलं नसावं. "पण पाइप तर जमिनीखाली होता, दिसणार कसा?" मुलाने विचारलं. वकील म्हणाले, जाणकार माणसाने नीट पाहिलं तर सापडेल अशी मोरी कायद्याने 'दिसणारी'च धरली जाते. मला माझ्या कुंड्या आठवल्या.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. वाटणीचा संबंध नसला तरी एखादी सोय वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरली तर तिचाही सुविधाधिकार होऊ शकतो. मात्र शेजाऱ्याच्या परवानगीने वापरत असाल तर ती परवानगीच राहते, वीस वर्षांनी हक्क होत नाही. दुसरी गोष्ट, ज्याचा हक्क त्याच्यावर जबाबदारीही असते. कायद्यातलं उदाहरणच पाइपाचं आहे: दुरुस्तीसाठी दुसऱ्याची जमीन खणता येते, पण काम झाल्यावर ती पूर्ववत करून द्यावी लागते.

थोडक्यात, पाइप बंद करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. आणि तो बंद झालाच असता, तर मागच्या घरात राहणं अशक्य झालं असतं.

संध्याकाळी मुलगा स्वतःच मागच्या घरी गेला. काय बोलला ते मी विचारलं नाही, पण दीर त्याच्याबरोबर परसात आले आणि टेप धरून उभे राहिले. खोली हवी होती आम्हाला, म्हणून पाइप भिंतीकडेने हलवण्याचा खर्च आम्ही केला. जुना पाइप काढून नवा पीव्हीसीचा घातला. दोन तपासणी चेंबर बांधले, त्यांचे पैसे दीरांनी दिले. पुढची साफसफाई आणि दुरुस्ती त्यांच्याकडे; त्यासाठी आम्ही परसात येऊ द्यायचं आणि पाइपावर काही बांधायचं नाही. हे सगळं मोजमापांच्या नकाशासह लिहून सब-रजिस्ट्रार कार्यालयात नोंदवलं.

तरुण मंडळींनो, तुमच्यापैकी अनेकजण आता जुनं घर पाडून नवं बांधताय किंवा गावाबाहेर प्लॉट घेताय. ईसी, म्हणजे बोजा दाखला, बघून निर्धास्त होऊ नका. त्यात नोंदवलेले व्यवहारच दिसतात. अप्पांनी आणि काकांनी तोंडी ठरवलेला पाइप त्यात कधीच दिसला नसता. जागेवर जाऊन झाकणं शोधा, शेजाऱ्यांचं पाणी कुठून जातं ते विचारा, मीटरपासून केबल कुठे जाते ते बघा.

गावाबाहेर जमीन घेत असाल तर आणखी एक चौकशी करा. दाभोळहून बंगळुरूला जाणारी नैसर्गिक वायूची पाइपलाइन बेळगाव-धारवाडकडून जाते. अशा पाइपलाइनींसाठी १९६२चा वेगळा कायदा आहे. त्यात मालकी शेतकऱ्याकडेच राहते, पण पट्ट्याच्या वापराचा हक्क घेतला जातो. मालकाला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम आणि नुकसानभरपाई मिळते. त्यानंतर त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा टाकी खणता येत नाही, झाडही लावता येत नाही. दिसायला मात्र तो मोकळा, स्वस्त प्लॉट असतो.

मोठ्या खोदकामाआधी जमिनीखालच्या लाइनींच्या मालकांना कळवता यावं म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप सुरू झालं. पण घराघरांतल्या जुन्या मोऱ्या कुठल्याच ॲपमध्ये नाहीत. त्या फक्त अप्पांसारख्यांच्या डोक्यात आहेत, आणि आमचे अप्पा आता ८७ वर्षांचे आहेत.

म्हणून खोली झाल्यावर मी त्यांना वही-पेन्सिल दिली. थरथरत्या हाताने त्यांनी अख्खा वाडा काढला: मोऱ्या, नळ, बुजवलेला आड, काकांच्या न्हाणीचा पाइप. तुम्हीही दिवाळीला घरी जाल तेव्हा आजी-आजोबांकडून असा नकाशा काढून घ्या. अंतरं पावलांत सांगितली तरी चालतील, नंतर टेपने मोजता येतात.

अप्पांच्या नकाशाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये आता मागचं घरही आहे. पहिलं उत्तर दिरांच्या मुलाचं आलं: "आजोबा, लाइटची केबल राहिली."