नाकानं पाहिलेलं नाशिक

रविवारी सकाळी नाशिकमधल्या बऱ्याच घरांत बेत सारखाच असतो. आधी कुठेतरी झणझणीत मिसळ, मग सोमेश्वरचा धबधबा किंवा गंगापूर धरणाचं पाणी, वेळ उरला तर एखाद्या वायनरीच्या मळ्यात फेरफटका. अलीकडे या बेतात गाडीच्या मागच्या सीटवर एक कुत्राही असतो. खिडकीबाहेर नाक काढून बसलेला तो लॅब्रेडॉर किंवा बीगल पाहिला की घरच्यांना वाटतं, यालाही आपल्याइतकीच मजा येते आहे. तो धरणावर आला, त्यानं पाणी पाहिलं, डोंगर पाहिला, फोटोत हसला. झाली त्याची सहल. या हिशेबात गफलत आहे. कुत्र्याच्या बाजूनं मोजायचं तर किती किलोमीटर गेलो आणि काय काय पाहिलं, याला फारसं मोल नाही. किती वेळ आणि किती सवडीनं हुंगायला मिळालं, ते त्याच्या लेखी मोलाचं. हे माप लावलं तर रविवारच्या दिवसभराच्या भटकंतीपेक्षा मंगळवारची गल्लीतली अर्ध्या तासाची फेरी मोठी भरू शकते. अट एकच, पट्टा सैल हवा.

डोळ्यांपासून सुरुवात करू, कारण सहल आपण मुख्यतः डोळ्यांसाठी काढतो. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये कॅलिफोर्नियात कुत्र्यांना रंगीत प्रकाशातला फरक ओळखायला शिकवून हे सिद्ध केलं. निळा आणि पिवळा त्यांना चांगला कळतो. लाल आणि हिरवा यांतला भेद जवळजवळ पुसला जातो. श्रावणात ज्या हिरवाईसाठी आपण त्र्यंबकच्या रस्त्याला लागतो, ती त्याच्या डोळ्यांना मळकट पिवळसर दिसत असणार. नजरेची धारही आपल्यापेक्षा बोथट. जी बारीक खूण माणसाला साधारण 23 मीटरवरून दिसते, तिच्यासाठी कुत्र्याला 6 मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. हलणारी वस्तू टिपण्यात आणि अंधुक उजेडात पाहण्यात तो आपल्यापुढे आहे. पण पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वरून दिसणारं शहर त्याला दाखवणं म्हणजे चष्मा विसरून आलेल्या माणसाला दूरचा फलक वाचायला सांगण्यासारखं आहे.

नाकाची गोष्ट निराळी. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत ओढतो आणि बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे सोडतो. त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. ब्रेंट क्रेव्हन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये कुत्र्याच्या नाकातल्या हवेच्या प्रवाहाचं संगणकावर प्रारूप केलं. आत आलेल्या हवेचा साधारण आठवा हिस्सा वेगळ्या वाटेनं नाकाच्या मागच्या भागात जातो आणि तिथल्या गंधपेशींशी रेंगाळतो, असं त्यात दिसलं. बाकीची हवा श्वासाला. म्हणजे श्वास आणि वास यांचे रस्तेच वेगळे. या नाकाला काळही कळतो. बेलफास्टमध्ये पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स यांनी 2005 मध्ये तपासलं की माणूस कोणत्या दिशेनं गेला हे ओळखायला कुत्र्याला किती पावलं लागतात. उत्तर आलं, पाच. पहिल्या आणि पाचव्या पावलात अंतर दोनेक सेकंदांचं. तेवढ्यात वासात पडलेला फरक त्याला पुरला. आता अशा नाकाचा प्राणी गंगापूर रोडच्या एखाद्या कॉलनीत सकाळी बाहेर पडतो. स्कूटरच्या चाकाला सातपूरच्या कारखान्यातलं तेल चिकटलेलं आहे, कडुनिंबाच्या बुंध्यावर रात्री तीन कुत्री येऊन गेली आहेत, दूधवाला नुकताच फाटकाशी थांबून गेला आहे, आणि कुणाच्या तरी घरी मासे आले आहेत. आपल्याला जो खांब दिसतो, तो त्याच्यासाठी कालपासून आजपर्यंतची वार्तापत्रं एकावर एक चिकटवलेला फलक आहे. त्यातली सगळी माहिती खरी असेलच असं नाही, हेही गमतीनं सांगायला हवं. कॉर्नेल विद्यापीठातल्या बेट्टी मॅकग्वायर यांनी 2018 मध्ये मांडलं की लहान चणीचे कुत्रे मोठ्यांपेक्षा तंगडी जास्त तिरकी उचलतात, बहुधा खूण उंचावर जावी आणि मागून येणाऱ्याला आपण मोठे वाटावं म्हणून. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहणाऱ्या नाशिककराला हे समजावून सांगायची गरज नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कुत्र्याच्या नाकाचं फार कौतुक होतं, गंधपेशींचे कोटींचे आकडे फेकले जातात आणि माणसाचं नाक उगाच टाकाऊ ठरवलं जातं. हे खरंच आहे. जॉन मॅकगॅन या मेंदूशास्त्रज्ञानं 2017 मध्ये दाखवलं की माणसाचं नाक दुबळं असल्याचा समज एकोणिसाव्या शतकातला आहे आणि त्याला पुरेसा आधार नाही. त्याच्या दहा वर्षं आधी बर्कलेमध्ये संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, कान बंद करून त्यांना हिरवळीवर रांगायला लावलं आणि चॉकलेटच्या वासाची दोरी शोधायला सांगितलं. 32 पैकी 21 जणांनी ती वाट नाकानं काढली, आणि सरावानं त्यांचा वेगही वाढला. पण या प्रयोगानं माझा मुद्दा खोडला जात नाही, पक्का होतो. वास जमिनीलगत असतो, आपण पाच फूट उंचीवरून चालतो आणि रांगायची आपल्याला लाज वाटते. आपल्याला नाक नाही असं नाही, आपण ते कामाला लावत नाही. ज्याचं नाक दिवसभर जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं, त्याला दर दहा पावलांना पट्टा ओढून “चल रे, किती वेळ!” म्हणणारे आपणच.

आता रविवारच्या सहलीकडे परत. धरणावर पोचेपर्यंत बारा वाजतात. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या घरात जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या तळव्यांना. शरीर थंड करायचं खरं साधन म्हणजे धापा टाकणं. जीभ बाहेर, जबडा उघडा, ओठांचे कोपरे मागे खेचलेले. हाच चेहरा फोटोत हसरा दिसतो. पण धापा टाकणं आणि हुंगणं ही दोन्ही कामं एकाच वेळी नीट होत नाहीत. इस्रायलमध्ये इरिट गझित आणि योसेफ टेर्केल यांनी 2003 मध्ये स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांना धावायला लावून दमवलं आणि मग शोधायला सोडलं. धाप वाढली तशी त्यांची अचूकता घसरली. 1993 च्या स्फोटांच्या काळात मुंबईत तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढणारा मुंबई पोलिसांचा झंजीर आपल्याकडे अजून आठवला जातो. तसल्या नाकाचं कामही धापेपुढे अडतं, तर घरच्या पगची काय कथा. चपट्या तोंडाच्या पग, शि त्झू, बुलडॉगना तर उन्हात श्वास घेण्याचीच मारामार असते. भरदुपारी धरणाकाठी उभा केलेला धापा टाकणारा कुत्रा म्हणजे डोळे मिटून चित्रप्रदर्शनाला नेलेला पाहुणा. त्याला तिथवर नेलं, पण जे पाहायचं ते साधन बंद असताना.

“मग गाडीची किल्ली वाजली की तो उड्या का मारतो?” हा घराघरांतला प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या बाजूचं अर्धंच आहे. किल्ली वाजली की पुढे काहीतरी घडतं, हे तो शिकलेला असतो. त्यातलं पुष्कळसं ‘काहीतरी’ म्हणजे तुम्ही. बुडापेस्टमध्ये योझेफ टोपाल आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये लहान मुलांच्या मातृबंधाची कसोटी कुत्र्यांवर लावून पाहिली. अनोळखी खोलीत मालक सोबत असताना कुत्री मोकळेपणानं खेळली, हिंडली. तो बाहेर गेल्यावर दाराशी घुटमळली. अटलांटात ग्रेगरी बर्न्स यांनी 2015 मध्ये जागी, शांत पडून राहायला शिकवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूचं एमआरआय केलं. पाच वासांपैकी घरच्या माणसाच्या वासाला मेंदूतल्या सुखाच्या अपेक्षेशी जोडलेल्या भागानं सर्वांत जोरदार प्रतिसाद दिला, तोही ते माणूस खोलीत नसताना. तेव्हा कुटुंबासोबत असणं ही त्याची खरी कमाई आहे, हे मान्य. फक्त ती कमाई धरणावर जाऊनच होते असं नाही. घरच्या माणसानं फोन खिशात ठेवून गल्लीत अर्धा तास दिला तरी होते.

त्याला काय वाटतं हे आपल्याला कळणारच कसं, हा आक्षेप मात्र असा झटकता येत नाही. कुत्र्याचे चेहरे वाचण्यात आपण फार चुकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं की तुमच्या कुत्र्यानं बंदी घातलेला खाऊ खाल्ला. ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाल्ल्यामुळे होत नव्हता, रागावल्यामुळे होत होता. काहीही न करता बोलणी खाल्लेले कुत्रेही तितकेच, किंबहुना जरा जास्तच ओशाळलेले दिसले. शेपटीचंही तसंच. ती वाकडी ती वाकडीच, एवढं सांगून आपली म्हण थांबते. पण 2007 मध्ये इटलीतल्या संशोधकांना आढळलं की मालक दिसला की ती उजवीकडे जास्त हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. म्हणून चेहऱ्यावर विसंबण्याऐवजी वागण्याची कसोटी बरी. होरोविट्झ आणि शार्लोट द्युरांतों यांनी 2019 मध्ये तशी एक लावली. एका जागी ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या जागी वाडगा नेहमी रिकामा, हे कुत्र्यांना शिकवलं आणि मग वाडगा दोहोंच्या मधोमध ठेवला. जो झटकन जातो तो आशावादी, जो रेंगाळतो तो साशंक. त्यानंतर दोन आठवडे काही कुत्र्यांनी रोज हुंगून खाऊ शोधण्याचा खेळ खेळला आणि काहींनी मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव केला. पुन्हा मधला वाडगा मांडला तेव्हा हुंगणारे आधीपेक्षा लवकर पोचले. शिस्तीतल्यांत फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे. शिवाय हुंगणाऱ्याला स्वतःच्या मर्जीनं हिंडायलाही मिळालं, त्यामुळे श्रेय नाकाचं की मोकळीकीचं, असा वाद घालता येतो. पण पट्टा सैल सोडला की दोन्ही एकदमच मिळतात, तेव्हा घरच्या व्यवहारात या वादानं काही अडत नाही.

नाकाला मोकळीक द्यायची म्हणजे सगळं त्याच्यावर सोपवायचं का? नाशिकमध्ये तर मुळीच नाही. या जिल्ह्याची जगात ओळख दोन पिकांमुळे, द्राक्ष आणि कांदा, आणि दोन्ही कुत्र्याला विष. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानंही ती निष्प्रभ होत नाहीत, म्हणून मिसळीच्या रश्शात बुडवलेला पावाचा तुकडा लाडानं देऊ नये. द्राक्षानं आणि मनुक्यानं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा चार मण्यांनी आजारी पडतो, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्याचं प्रमाण वाण, माती आणि पिकलेपण यांनुसार बदलतं, त्यामुळे कोडं बऱ्यापैकी उलगडतं. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं. कुत्र्याला गोडाची चव कळते, म्हणून गळून पडलेला मणी त्याला आवडतो. यात धोका आहे हे ते नाक सांगत नाही. काढणीच्या दिवसांत मळ्यात नेलेल्या कुत्र्याचा पट्टा म्हणूनच आखूड हवा.

दुसरा धोका चार पायांचा. जानेवारी 2019 मध्ये गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात भरवस्तीत बिबट्या शिरला होता, आणि नदीकाठच्या मळ्यांत, देवळाली परिसरात त्याच्या वावराच्या बातम्या नित्याच्या झाल्या आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हा अंधार पडल्यावर उसाच्या कडेला कुत्रा अचानक थबकला, अंगावरचे केस उभे राहिले आणि पुढे पाऊल टाकेना, तर त्याला हट्टी ठरवून ओढू नये. दिवेलागणीनंतरची फेरी उजेडातल्या, वर्दळीच्या रस्त्यावरच बरी.

उरला प्रश्न त्या रविवारांचा, जेव्हा ऊन फार असतं, वायनरीत गर्दी असते आणि कुत्रा घरीच राहतो. स्वीडनमध्ये तेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी 2011 मध्ये कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत जास्त जोराचं होतं; दोन आणि चार तासांत मात्र फरक दिसला नाही. दार उघडल्यावरचा तो गोंधळ ओसरला की तो चपला-बुटांकडे वळतो. तळाला धरणाकाठचा चिखल असतो, पायजम्याच्या कडेला मळ्यातलं गवत, हाताला दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याचा वास. घरचे दमून पंख्याखाली बसलेले असतात आणि त्यांची सहल तो दाराशी सावकाश वाचत असतो. ते बूट लगेच धुवायला टाकू नयेत, दहा मिनिटं तिथेच राहू द्यावेत. फक्त पिशवीत मळ्यावरून आणलेले मनुके राहिले नाहीत ना, एवढं आधी पाहावं.