झापडीखालची पिल्लं

लेखांक ९

दिवा-वसई मार्गावरची गाडी भिवंडी रोड सोडून खारबावकडे निघाली की पावसाळ्यात खिडकीबाहेर भातखाचरं दिसू लागतात आणि मध्येच गोदामांची लांबलचक पत्र्याची छपरं. या खाचरांच्या बांधांवर पोरांचा एक उद्योग चालतो, मुठे धरण्याचा. मुठा म्हणजे शेतातला खेकडा. नांगीच्या वाऱ्याला उभं न राहता पाठीमागून दोन बोटांत तो कसा उचलायचा, ही विद्या थोरल्याकडून धाकट्याकडे जाते. धरला की उलटा करायचा. पोटावरची झापड निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी. मादीची झापड हलकेच वर केली तर कधीकधी आत इवलीइवली पिल्लं वळवळताना दिसतात, नांग्या-पाय सगळं जागच्या जागी असलेली.

खाडीतल्या चिंबोरीचं तसं नसतं. तिच्या अंड्यांतून निघणारे जीव खेकड्यासारखे दिसतही नाहीत. पाण्यात तरंगत, एकामागून एक रूपं बदलत त्यांचा पुढे खेकडा होतो. गोड्या पाण्यातल्या मुठ्याची ही सगळी रूपं अंड्यातच उरकतात. बाहेर येतो तो तयार खेकडा, आणि काही काळ तो आईच्या पोटालाच बिलगून असतो. यातली अर्धी गोष्ट बांधावरच्या आठ वर्षांच्या पोराला कुणी शिकवलेली नसते. त्याने झापड उचलून पाहिलेली असते. त्याच मुठ्यांचं संध्याकाळी कालवण होतं, हेही सांगून टाकलेलं बरं. शहरातल्या आईबापांना हे खटकेल. पोराला मात्र कुतूहल आणि भूक यांत काही भांडण दिसत नाही.

गेल्या लेखांकात खेळण्यांचा विषय होता. त्याला जोडूनच अमेरिकेतला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. व्हनेसा लोबू आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. अगदी लहान, चालायला-बोलायला लागलेल्या मुलांना एका खोलीत सोडलं. खोलीत छान छान खेळणी होती आणि बंद पेटीत मासा, हॅमस्टर, साप, कोळी असे जिवंत प्राणीही होते. खेळणी हातात घेता येत होती, प्राण्यांना हात लावता येत नव्हता. तरी मुलं जास्त रमली ती पेट्यांपाशी, आणि प्रश्नही त्यांनी प्राण्यांबद्दलच जास्त विचारले. गंमत म्हणजे सोबतचे आईबापही तिकडेच ओढले गेले.

या ओढीला एडवर्ड विल्सन यांनी १९८४ साली ‘बायोफिलिया’ हे नाव लोकप्रिय केलं: सजीवांकडे असलेला माणसाचा उपजत कल. नाव भारदस्त आहे, पण नुसत्या नावाने कोडं सुटत नाही. खेळण्यातली मोटार ढकलली तरच चालते. मुठा मात्र आपल्या मर्जीने थांबतो, पळतो, चिमटा काढतो. पुढे काय करील ते सांगता येत नाही, म्हणून नजर हटवता येत नाही. बारशात ताटकळलेल्या मोठ्या माणसांचंही भिंतीवर पाल सरकली की तेच होतं.

मग भीती कुठून येते? जूडी डिलोश आणि लोबू यांनी २००९ साली सात ते अठरा महिन्यांच्या बाळांना सापांच्या आणि इतर प्राण्यांच्या चित्रफिती दाखवल्या. नुसता साप पाहून बाळं काही वेगळी वागली नाहीत. पण सोबत घाबरलेला आवाज ऐकवला, तेव्हा ती सापाकडे जास्त वेळ पाहत राहिली. इतर प्राण्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. म्हणजे बाळ भीती घेऊन जन्मत नसावं, पण सापाची भीती चटकन शिकायची तयारी घेऊन येत असावं. शिकवणारा आवाज आपला. ‘शी, टाक ते!’ हा आपला आवडता धडा. अर्थात भातशेतीत नाग, घोणस, मण्यार यांची ये-जा असते आणि मुठ्याच्या बिळात मुठाच असेल याची हमी कुणी देत नाही. बिळात सरळ हात घालणाऱ्या पोराला ओरडलंच पाहिजे. फक्त ती ओरड बिळासाठी राखावी, गांडुळावर आणि गोगलगाईवर खर्च करू नये.

ब्रिटनमध्ये २००२ साली अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या १०९ मुलांना चित्रपत्ते दाखवले. काहींवर तिथलेच प्राणी-वनस्पती, काहींवर पोकेमॉन. आठव्या वर्षी मुलांना जवळपास ८० टक्के पोकेमॉन ओळखता आले, खरे जीव मात्र निम्म्याच्या आसपास. मुलांची स्मरणशक्ती उत्तमच होती. तिच्यापुढे काय येत होतं, हा प्रश्न होता.

इथे मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला एक मुलगा आठवतो. दहाएक वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, असं त्याने मामांना विचारलं. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी ‘पिवळ्या गळ्याची चिमणी’ एवढंच सांगून त्या पोराची बोळवण केली नाही. पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो.

तोवर खारबावकडची भातकापणी झालेली असते. मुठे ओलाव्याच्या मागे जमिनीत खोल गेलेले असतात आणि पोरं बिळांची तोंडं पाहत हिंडतात.

(पुढील आठवड्यात : मुलं प्राण्यांशी बोलतात ती कोणत्या भाषेत?)