फाइल कुणालाही सापडो

सिद्धगडाच्या पायथ्याच्या जंगलात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं स्मारक आहे. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात दोघे इथेच हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडून ब्रिटिश सरकारला हैराण करणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याने या डोंगराचा आसरा घेतला होता. दाट झाडी, उभे कडे, वाटा ठाऊक असलेली मोजकी माणसं, म्हणजे लपायला उत्तम जागा. पण अशा आसऱ्याचं सगळं बळ तो कुणाला माहीत नसण्यात असतं. पोलिसांना ठावठिकाणा कळला आणि डोंगराचं ते कवच उरलं नाही.

१८८३ मध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना नेमकं याच्या उलट सूत्र मांडलं. गुपित राखण्याची सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज आपल्या कॉम्प्युटरवरचा पासवर्ड मॅनेजर या सूत्रावर उभा आहे, आणि बंद पडलेल्या मशीनमधले पासवर्ड जुन्या बॅकअपमधून परत मिळतात तेही याच सूत्रामुळे.

मुरबाड किंवा शहापूरच्या बाजारातल्या एखाद्या दुकानातला कॉम्प्युटर डोळ्यांपुढे आणा. बँक, वीजबिल, जीएसटी, महाडीबीटी, ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड त्यात. पावसाळ्यात लाइट जाते-येते आणि एके दिवशी हार्ड डिस्क उठतच नाही. कपाटात मात्र एक पेन ड्राइव्ह आहे आणि त्यावर काही महिन्यांपूर्वीची नक्कल. कीपाससारखा मॅनेजर असेल तर त्या नकलेत केडीबीएक्स प्रकारची एकच फाइल शोधायची असते. बहुतेकदा ती एखाद्या फोटोपेक्षाही लहान असते.

ती नुसती उघडून पाहिली तर आत अर्थहीन बाइट दिसतात. एकही नाव नाही, एकही आकडा नाही. तरी तिच्या सुरुवातीला एक छोटा भाग उघड लिहिलेला असतो. कुलूप कोणत्या पद्धतीचं आहे, किल्ली घडवायला किती कष्ट घ्यायचे, आणि 'सॉल्ट' नावाची एक यादृच्छिक संख्या. हे सगळं चोरालाही वाचता येतं. म्हणजे ही फाइल स्वतःला उघडण्याची कृती अंगावर लिहूनच फिरते. वगळलेली असते फक्त एक गोष्ट, मालकाच्या डोक्यातला मास्टर पासवर्ड.

तो पासवर्ड टाइप केला की खरी गंमत सुरू होते. कुठे साठवलेल्या पासवर्डशी तो ताडून पाहिला जात नाही, कारण तो कुठे साठवलेलाच नसतो. पासवर्ड आणि सॉल्ट एकत्र घुसळून २५६ बिटांची किल्ली जागच्या जागी घडवली जाते. किल्ली कपाटात नव्हती, पेन ड्राइव्हवर नव्हती, मॅनेजर बनवणाऱ्यांकडेही नव्हती. दर वेळी ती नव्याने जन्मते आणि दर वेळी अगदी तीच असते. पासवर्डात एका अक्षराचा फरक झाला तर तिचं जुन्या किल्लीशी काहीही साम्य उरत नाही.

ही घडवणी मुद्दाम संथ ठेवलेली असते. पीबीकेडीएफ२ पद्धतीत तीच क्रिया लाखो वेळा करतात. बिटवॉर्डन या मॅनेजरमध्ये तो आकडा मुळातच ६ लाख ठेवलेला असतो. २०१५ मध्ये खास स्पर्धा जिंकलेली अर्गॉन२ पद्धत प्रत्येक प्रयत्नाला भरपूर मेमरीही खायला लावते. मालकाला क्षणभर थांबावं लागतं, पण अब्जावधी अंदाज करून पाहणाऱ्या चोराचं कंबरडं मोडतं.

चोराने अंदाज सोडून थेट किल्ल्याच पडताळल्या तर? पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३ व्या क्रमांकावर होता. त्याचा मोजलेला वेग सेकंदाला सुमारे ४६ वर १४ शून्यं इतक्या आकडेमोडींचा. एका आकडेमोडीत एक किल्ली तपासली असं धरू, प्रत्यक्षात ते शक्य नसलं तरी. सगळ्या किल्ल्या तपासायला लागणाऱ्या वर्षांची संख्या ५४ अंकी येते. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, ही संख्या फक्त ११ अंकी.

म्हणून कमजोर जागा गणितात नसते, माणसाने निवडलेल्या पासवर्डात असते. २०२२ मध्ये चोरांनी लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीच्या क्लाउडवरून ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे, म्हणजे पासवर्डच्या साठ्यांचे, बॅकअपच उचलून नेले. पासवर्ड कूटबद्ध होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते, आणि ज्यांचे मास्टर पासवर्ड सोपे होते त्यांना धोका उरला तो उरलाच.

प्रत्येक तिजोरी मात्र कीपाससारखी कुठेही उघडत नाही, आणि बॅकअपवर विसंबलेली माणसं इथेच फसतात. विंडोजवर क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची किल्ली त्या कॉम्प्युटरवरच्या त्या वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते. नुसतं फोल्डर नव्या मशीनवर आणलं तर फाइल शाबूत असते, पण उघडत नाही. गूगल खात्यात सिंक चालू असेल तर सुटका होते. फायरफॉक्समध्ये लॉगिन्स.जेसन आणि की४.डीबी अशा दोन फाइली जोडीने लागतात. एक आली आणि दुसरी राहिली तर हाती काही येत नाही. वनपासवर्ड या मॅनेजरला खात्याच्या पासवर्डाबरोबर वेगळी सीक्रेट कीसुद्धा हवी असते. ती कागदावर छापून ठेवायला कंपनीच सांगते, आणि तो सल्ला मला फार शहाणपणाचा वाटतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. चुकून खोडलेली नोंद सिंकमुळे सगळ्या यंत्रांवरून काही क्षणांत खोडली जाते. जुनी नक्कल मात्र ती जपून ठेवते. म्हणून जुनी तिजोरी उघडताना आधी तिची आणखी एक प्रत काढा आणि इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर मॅनेजर ताजी माहिती आणून जुनी पुसून टाकू शकतो. प्रत खराब झाली असेल, तर तेही चटकन कळतं. केडीबीएक्सच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक तुकड्याला पडताळणीची खूण जोडलेली असते. एक बिट जरी बदलला तरी कुलूप उघडायला नकार देतं, चुकीचं काही दाखवत नाही.

मास्टर पासवर्ड विसरलात तर 'फरगॉट पासवर्ड'चं बटण इथे सहसा कामाला येत नाही. कीपासमध्ये तर ते नाहीच. तो पासवर्ड कागदावर लिहून, बँकेची कागदपत्रं जिथे असतात तिथे, घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. आणि आपल्या बॅकअपमधली तिजोरी दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर या आठवड्यातच उघडून बघा, जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर.