ऑस्ट्रियाची गोळी, खडकीचा ठसा

परवा शहाद्यात शेजारच्या काकांनी कपाट आवरताना एक रिकामी पुंगळी माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या वडिलांच्या परवान्याच्या रायफलीची. चिंचेनं बूड घासलं तर अक्षरं उमटली, ‘केएफ’. म्हणजे खडकीची दारूगोळा फॅक्टरी, 1869 सालची!

या गोळीला आपण .315 म्हणतो. मुळात ही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेची 8 बाय 50 मिमी मॅन्लिकर, 1890 च्या आसपासची. लष्कराची .303 लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी ती सामान्यांना बंद केली आणि ही परदेशी पाहुणी इथे रुजली.

युरोपात ती केव्हाच मागे पडली. मग तिथले शौकीन रशियन 7.62 बाय 54 ची पुंगळी साच्यात दाबून, तोंड रुंदावून, कापून तिचं रूप देतात. दोघींच्या बुडाला कड असते, म्हणून जमतं.

पितळ दाबलं की कडक होतं, तोंडाशी चिरतं. म्हणून ते तापवून मऊ करायचं. आपले तांबट भांडं ठोकताना मधेच भट्टीत घालतात ना, तसंच.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हौस पाहण्यापुरतीच. तुमच्या घरी अशी जुनी पुंगळी असेल तर बुडावरची अक्षरं कमेंटमध्ये लिहा, वाचून सांगतो.