धनायनांचे गुणात्मक विश्लेषण
धनायनांचे गुणात्मक विश्लेषण ही अज्ञात लवणाच्या द्रावणातील धनायन ओळखण्याची पद्धत होय. तीत ठरावीक क्रमाने विक्रियाकारके मिसळून धनायनांचे गटवार अवक्षेपण केले जाते. प्रथम विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने चांदी, शिसे व मर्क्युरस पारा यांची क्लोराइडे वेगळी होतात. उरलेल्या आम्लधर्मी द्रावणात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडल्यास तांबे, कॅडमियम इत्यादींची सल्फाइडे मिळतात. आम्लामुळे सल्फाइड आयनांची संहती अत्यल्प राहते; म्हणून जस्त, मँगॅनीज यांची तुलनेने अधिक विद्राव्य सल्फाइडे तयार होत नाहीत. आम्ल कमी पडल्यास जस्तही याच गटात अवक्षेपित होऊन निष्कर्ष चुकू शकतो. शिशाचे क्लोराइड पाण्यात अल्प प्रमाणात विरघळत असल्याने शिसे दोन्ही गटांत आढळते. अखेरीस प्रत्येक आयनाची स्वतंत्र कसोटीने खात्री करतात, उदा., तांब्याच्या द्रावणास जादा अमोनियाने गडद निळा रंग येतो.