मांडीवरची गिटार आणि कानातला सूर

गिटार म्हटली की गळ्यात पट्टा अडकवून उभा असलेला वादक डोळ्यांपुढे येतो. डोब्रो वाजवणारा मात्र गिटार मांडीवर आडवी ठेवतो. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांब, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. कांब तारांवरून सरकते आणि सूर गळ्यातून निघाल्यासारखा वळतो. ऐकणाऱ्याला हे सोपे वाटते. खरी परीक्षा सुरू होते ती स्वतः वाजवायला बसल्यावर.

या वाद्याचा जन्म गरजेतून झाला. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात वाद्यवृंदात गिटारचा आवाज बुडून जाई. जॉर्ज बोशाँ या वादकाला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती. स्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेल्या जॉन डोपेरा यांनी १९२०च्या दशकात गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. तारांचे कंपन शंकूवर पोचते आणि आवाज वाढतो. १९२८ साली डोपेरा बंधूंनी ‘डोब्रो’ काढली. स्लोव्हाक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘चांगले’!

पहिली चूक इथेच होते

डोब्रोच्या सहा तारा बहुधा सा-ग-प, सा-ग-प अशा लावतात. कांब पाचव्या पडद्यावर आडवी धरली की साऱ्या तारा मध्यमाला जातात, सातव्यावर पंचमाला, बाराव्यावर वरच्या षड्जाला.

साध्या गिटारवर बोट पडद्याच्या मागे दाबतात. त्याच सवयीने नवशिका कांबही मागे ठेवतो आणि सूर उतरतो. कांब पडद्याच्या पट्टीच्या अगदी वर हवी, आणि सरळ हवी. जराशी तिरपी झाली तरी तारा एकमेकींशी भांडू लागतात. तारा दाबायच्या नसतात. कांबेचे वजन पुरते. फार हलकी धरली तर मात्र तार खरखरते.

दुसरा धडा शांततेचा. कांबेच्या मागे उरलेली तारही गुणगुणत असते. म्हणून मागची बोटे तारांवर अलगद टेकवून ठेवावी लागतात. नको असलेला आवाज थांबवता येणे ही निम्मी कला आहे.

उरलेली निम्मी कानाची. प्रत्येक सूर घसरवत नेण्याचा मोह आवरावा लागतो. तंबोरा लावून, एकाच तारेवर सा ते प हळूहळू जावे आणि नेमके थांबावे. पडदे फक्त वाट दाखवतात; पोचलो की नाही, हे कानच सांगतो.

भारतीय कानाला ही मींड परकी नाही. उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर शास्त्रीय संगीत रुजवले. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) मध्ये संतूर आणि बासरीबरोबर त्यांचीच गिटार आहे. गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवणारे विश्वमोहन भट्ट यांना राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ साली ग्रॅमी मिळाले. तिथे दोघांच्याही हातांत सरकणारा सूरच होता.

गंमत अशी, की पुढे १९३०च्या दशकात त्याच बोशाँने विजेवरची गिटार घडवण्यात पुढाकार घेतला. मोठ्या आवाजासाठी शंकूची गरज उरली नाही. तरीही डोब्रो टिकली, ती तिच्या गळ्यामुळे. म्हणूनच शिकणाऱ्याने वेगाची घाई करू नये. रोज एक सूर खरा लागला, तरी दिवस कारणी लागला.