सुट्टी दोन दिवसांची, सोबत मैत्रिणींची
मे महिन्यात महाबळेश्वर गाठायचं म्हणजे अर्धा दिवस घाटातल्या रांगेतच जातो. त्यापेक्षा मैत्रिणींना गोळा करा आणि शनिवार-रविवार पुण्यातच भटका. मात्र निघण्याआधी दोन दिवसांचा स्वयंपाक करून फ्रीज भरून ठेवू नका. कुकर घरातल्या बाकीच्यांनाही लावता येतो!

शनिवारी उजाडताच सिंहगड चढायला लागा. गड सुमारे १३०० मीटर उंच, वर वारा छान असतो. पण ऊन चढलं की वाटेत अंगाची काहिली होते. गुडघे दुखणारीला मागे ठेवू नका, गाडीरस्ता वरपर्यंत जातो. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊनच उतरा.

दुपार राजा दिनकर केळकर संग्रहालयात काढा. अडकित्ते, दिवे, वाद्यं, आजीच्या स्वयंपाकघरातली भांडी... हा सगळा संग्रह दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीसाठी वाहिला. हे माहीत असलं की साध्या खेळण्यापाशीही पाय रेंगाळतात. संध्याकाळी आंब्याची मस्तानी हवीच.

रविवारी सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मग एकीच्या घरी जेवण. प्रत्येकीनं एकेक डबा न्यायचा, यजमानीणबाईंनी ओट्याकडे फिरकायचंही नाही.